सरिता, तुझा जवस उपटला

सरिता, आज सकाळी अंगण झाडायला घेतलं आणि खराटा कुठे थांबवायचा तेच कळेना. इतकी वर्षं कळत होतं. माझ्या दारापासून झाडत यायचं आणि तुझ्या जवसाच्या वाफ्याशी थांबायचं. पलीकडून तू झाडत यायचीस, तूही तिथेच थांबायचीस. मग दोघी जावा कमरेवर हात ठेवून समोरासमोर, आणि दिवसाचं पहिलं भांडण सुरू. आज वाफाच नाही. झाडत झाडत मी तुझ्या उंबऱ्यापर्यंत गेले. धनराज भाऊजी खाटेवर बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, मीही पाहिलं, आणि खराटा तसाच हातात धरून परत आले. तेव्हापासून माझं आत-बाहेर, आत-बाहेर चाललंय. गॅसवर भाजी करपली. धुतलेले कपडे पुन्हा धुतले. कशात म्हणून जीव लागत नाही.

माणसं येतात, बसतात, चहा घेतात आणि सांगतात की सरिता फार शांत होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकून घेते. मनात म्हणते, कोण शांत? आमची सरिता? माणूस गेलं की लोक त्याला गुळगुळीत करून टाकतात. तू शांत नव्हतीस गं. तू जिद्दी होतीस, तोंडाळ होतीस, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतलीस की ती काढायला देवाच्या बापालाही जमलं नसतं. मला तशीच हवी आहेस. या लोकांची शांत सरिता मला नको.

तो जवस पेरलास तेव्हाचं आठवतं? दिवाळी होऊन गेली होती. तुझी भाची तिकडे पहाडात नर्स आहे, ती सुट्टीवर आली आणि तुला कागदाच्या पुडीत चिमूटभर बी देऊन गेली. तू ती पुडी मला दाखवलीस. मी बी तळहातावर घेतलं आणि हसले. जवस! आपल्या गावात, कामठ्यात, कोणत्याही बांधीत, भाताच्या खाचरात, उभ्या धानाखाली, ओल्या चिखलात आपण जो मुठीमुठीने फेकतो, तोच जवस तू अंगणात वाफा करून लावणार होतीस, फुलझाड म्हणून.

"काऊन वो, शेत कमी पडून राहिलं का तुले?" मी विचारलं.

"हा शेतातला नोहे दीदी. हा बारमाही होय. एकदा लावला का दरसाली थ्याच बुडातून येते."

"बारमाही जवस! उद्या म्हणशील बारमाही धान."

"हासा तुमी. पायजा मंग."

आणि तू जागा कोणती निवडलीस? अख्खं अंगण पडलं होतं. विहिरीजवळ जागा होती, तुझ्या खिडकीखाली होती, तुळशीच्या बाजूला होती. तू बरोब्बर अंगणाच्या मधोमध, तुझं दार आणि माझं दार यांच्यामध्ये, मुरूम आणि रेती टाकून उंच वाफा केलास. त्याच जागी त्या साली भिंत यायची होती. दोन्ही भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, हद्दीच्या बांधावरून भांडले होते, बोलणं बंद झालं होतं, चुली वेगळ्या होऊन गेल्या होत्या. विटांचा ट्रॅक्टर येऊन फाटकाशी विटा रचून गेला होता. धानाची चुरणी, मळणी झाली की मिस्त्री येणार आणि अंगण दोन करणार, असं ठरलेलं होतं.

मिस्त्री आला तेव्हा तू वाफ्याशी उभी राहिलीस, डोक्यावर पदर, हातात पाण्याने भरलेला गुंड. आमच्या ह्यांच्याकडे न बघता बोललीस, मोठ्या दिराशी बोलायचं तसं, पण ऐकू मात्र सगळ्या गल्लीला गेलं असेल. "भाचीनं एवढ्या दुरून बी आणलं. एकदा फुलू द्या, मंग बांधा." आता निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या आपणच दोघी. भाऊ एकमेकांशी बोलतच नव्हते, तर ठरवणार कोण? हे म्हणाले, बरं, एक मोसम. मिस्त्री गेला.

आणि तो फुललाच नाही! हिरवा झुपका नुसता, बोटभर पानांचा. शेतातला जवस निळाशार फुलून, बोंडं धरून, पिकूनसुद्धा गेला, आणि तुझा हा शहाणा नुसता बसून. मी रोज चहाचा कप घेऊन वाफ्याशी यायचे आणि विचारायचे, "आजची फुलं किती?" तू म्हणायचीस, पहिल्या साली हा फुलत नाही, मूळ धरतो. मी म्हणायचे, तू उशिरा पेरलास म्हणून. तिथून जो आपला वाद सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही. आता संपणार कसा ते मला सांग.

दुसऱ्या साली फुलला. ते मात्र मी तुला तेव्हाही सांगितलं नाही, आता सांगते. पहिल्या दिवशी मी तुझ्या आधी उठले होते. बाहेर आले तर त्या बारीक बारीक काड्यांवर निळी फुलं उघडली होती. शेतातल्यापेक्षा जरा फिकी, आणि प्रत्येक काडी वाऱ्याबरोबर हलत होती. मी तिथे बसून राहिले. तुझं दार वाजलं तशी उठले आणि खराटा हातात घेतला, जसं काही पाहिलंच नाही. तू आलीस, फुलं पाहिलीस, आणि माझ्याकडे असं बघितलंस की जणू तूच ती एकेक करून घडवली होतीस. मला इतका आनंद झाला होता गं, पण तोंडातून निघालं ते हेच की कचरा फार होणार याचा.

झालाच कचरा. ही फुलं दुपारपर्यंत टिकत नाहीत. ऊन चढलं की पाकळ्या गळायच्या आणि वारा त्यांना बरोबर माझ्या बाजूला आणून टाकायचा. "सरिता, तुझा पसारा उचल!" मी ओरडायचे. तू घरातून म्हणायचीस, "ज्याच्या दारात पडला थ्याचा!" आता खरं सांगते, मी तो लगेच झाडत नसे. संध्याकाळपर्यंत पडू द्यायचे.

मग पावसाळ्याची धडपड. मुळाशी पाणी साचलं तर हा सडतो म्हणून तू गोठ्याचा जुना टिनाचा पत्रा चार बांबूंवर बांधलास. एका वादळात तो पत्रा उडाला आणि कौसल्या काकीच्या छपराच्या कवेलूंवर जाऊन आदळला. काकी, म्हणजे आपली शेजारीण, तावातावाने आली. तू तिला दारात बसवून चहा पाजलास, आणि जाताना तीच पत्रा डोक्यावर घेऊन वाफ्यापर्यंत आली. हे फक्त तुलाच जमायचं. उन्हाळ्यात तू त्यावर गोणपाट टाकायचीस. आमचे हे ओट्यावरून बघत म्हणायचे, घरच्या वासराची एवढी सेवा कोणी केली नाही.

उन्हाळ्यात तो वाळून काडी व्हायचा. आणि पावसाळ्यात पत्र्याखाली, त्याच जागी, पुन्हा हिरवं फुटायचं. तू म्हणायचीस, पाहा, जुन्याच बुडातून आला. मी म्हणायचे, छट्, बोंडातलं बी गळलं, ते रुजलं. जवस कुठे दुसऱ्या सालापर्यंत जगतो? माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं आपल्या घराण्यात जवस पेरतात, कोणी ऐकलं नाही. तू म्हणायचीस, नवा उगवला असता तर पहिल्या साली फुलला नसता, मग यंदाचा कसा फुलला? मी म्हणायचे, यंदा वेळेवर रुजला म्हणून. असे दोघी तास तास. चहा गार व्हायचा.

एकदा मी खुरपी घेऊनच आले. म्हटलं, एकदाचं खणून पाहू. मूळ जाडजूड निघालं तर तू खरी, दोऱ्यासारखं बारीक निघालं तर मी खरी. तू माझा हात धरलास. तुझी बोटं ओली होती, भांडी घासता घासता उठून आली होतीस.

"खणला तं मरून जाईल थो. मंग खरी होऊन मी काय करू?"

मी खुरपी टाकली. पण वाद काही टाकला नाही.

आणि भिंतीचं काय? ती दरसाली लांबत गेली. हे म्हणायचे, शेतातला जवस निघाला की याचाही निघेल, वाफा रिकामा होईल, तेव्हा बांधून टाकू. तू म्हणायचीस, हा निघत नाही, बारमाही आहे, जिवंत मुळावर विटा कशा ठेवायच्या? एकदा मी ओट्यावरून बोलले, "काही बारमाही नाही, दरसाली नवा उगवतो." मला वाटत होतं ते मी बोलले. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. एखादं शहाणं म्हणवणारं माणूस भर सभेत भलतंच बोलतं आणि आपण गप्प बसतो, तसं. मला वाटलं, वादात हरतेय म्हणून बघतेय. फाटकाशी विटांवर शेवाळ चढलं. कोंबड्या तिथे अंडी घालायला लागल्या.

त्या दिवशी तुला गोंदियाला दवाखान्यात नेत होते. मला वाटलं ताप आहे, दोन सलाईन लागतील आणि येशील. गाडीत बसताना तू काच खाली केलीस. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं सांगशील. आणि तू म्हणालीस, "दीदी, जवसाले पाणी नोका देजा. पिकून राहिला." मी म्हणाले, "तुझ्या जवसाचं पाहते मी. तू बरी होऊन ये आधी." बस. एवढंच. तू आली नाहीस. चिडून मी तुझ्याशी आणखी काय काय बोलले या दिवसांत, घरातल्या भिंतीकडे तोंड करून, ते इथे लिहीत नाही.

मी पाणी दिलं नाही. तेवढं पाळलं. पण बाकीचं राखता आलं नाही, सरिता. तेच सांगायला हे लिहायला घेतलं आणि इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी सामान आणायला गोंदियाला गेले होते. इकडे गल्लीतल्या बायका आल्या, अंगण साफ करून सारवायला. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही, आपल्याकडे सांगावं लागतच नाही. त्यांनी पाहिलं, मधोमध जवस उभा, बोंडं तपकिरी, वाऱ्याने खुळखुळ वाजणारी. आता तूच सांग, पिकलेला जवस उभा दिसला तर आपल्या भागातल्या बाईचा हात राहील का? तो झडून जातो. झडू दिला तर घरावर वाईट वेळ आली आहे असं दिसतं. आणि घरावर वेळ तर आलेलीच होती. त्यांनी मायेनेच केलं. जवस कापायचा नसतो, मुळासकट उपटायचा असतो, हे प्रत्येकीला आईच्या कडेवर असल्यापासून माहीत. उपटला, काठीने झोडपला, सुपात पाखडला, आणि वाफ्याची माती पसरून वर शेण सारवलं. मी आले तेव्हा अंगण आरशासारखं लख्ख होतं.

कौसल्या काकी माझ्यापुढे वाटी घेऊन आली. वाटीत बारीक काळपट दाणे.

"निर्मला, सरिताचा जवस काहाडून ठेवला वो. वाया गेला असता. पण लगित जिद्दी होता थो, माय! हातानं निंघेच ना. दोघी जणी लागलो तरी नाई. सब्बल लावा लागली."

मी वाटीकडे बघत होते. मग मला ते ऐकू आलं. जवस उपटायला लोखंडी पहार!

"काय म्हणलं काकी? सब्बल?"

"तं काय! असा जवस नाई पाहिला बाप्पा जलमात. मूळ होतं का लाकूड होतं!"

वाटी तिच्याच हातात राहिली. मी मागे धावले, खताच्या खड्ड्याकडे. नवी साडी होती अंगावर, तशीच उतरले. शेणाखाली, फुलांच्या हारांखाली हात घालून शोधलं. सापडलं. अंगठ्याएवढं जाड मूळ, गाठी गाठींचं, पिळलेलं, वर जुन्या काड्यांचे खुंट, एकावर एक, सालोसालचे. खाली सब्बलीने तुटलेलं, म्हणजे उरलेलं अजून जमिनीतच. एका मोसमात असं मूळ होत नाही. हे मला कोणी सांगायची गरज नाही, मी शेतकऱ्याची बाई आहे.

तू खरी होतीस. घे. बोलले एकदाची. तू खरी होतीस सरिता, तोच जवस होता, दरसालचा तोच. आणि ऐकायला तू नाहीस. मी खड्ड्यात उभी राहून रडले, आणि रडता रडता तुझा रागही आला. वाद जिंकून निघून जायची ही कोणती पद्धत? मी मोठी जाऊ. आधी माझा नंबर होता. तू मध्येच घुसलीस.

दाण्यांचं काय झालं ते ऐकून तू हसशील. मी खड्ड्याकडे धावले तशी काकीने वाटीतला जवस चुलीवर भाजून घरच्या जवसात मिसळून टाकली. तेरवीच्या पंगतीत तुझ्या बारमाही जवसाची चटणी वाढली गेली. सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. मीही खाल्ली. कडवट लागली मला, पण तेव्हा मला पाणीसुद्धा कडवटच लागत होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. आणि काल सकाळी आमचे हे मिस्त्रीला घेऊन आले. सुतळी आणि चुना. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ह्यांनी एक खुंटी फाटकाशी ठोकली, दुसरी विहिरीशी, सुतळी ताणली. ती बरोबर तुझ्या वाफ्याच्या जागेवरून गेली. पलीकडे भाऊजी दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली. काही बोलले नाहीत. बोलायचं तर त्यांच्या वाटचं तूच बोलायचीस ना.

आणि तेव्हा, सरिता, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्खं अंगण सोडून तू वाफा तिथेच का केलास? उन्हासाठी केलास असं तू म्हणायचीस आणि मी मानलं. तुला फूल हवं होतं की भिंत नको होती? की आधी फूल हवं होतं आणि मग भिंतीचं सुचलं? माझ्याकडे तसं बघितलंस त्या दिवशी, ते याचसाठी का? मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी तुझ्या बाजूने बोलले नसते का? की मी ओट्यावरून सगळं बडबडून टाकीन याची भीती वाटली? वाटली असेल. बरोबरच वाटली. कालपासून हे प्रश्न मला एका जागी बसू देत नाहीत.

मी ताट खाली ठेवलं. आत गेले, फडक्यात गुंडाळलेलं मूळ घेतलं, आणि येऊन सुतळीवर उभी राहिले.

"इथं बांधता येत नाई."

"काऊन?" हे म्हणाले.

"जवस आहे इथं."

"कोठी आहे? उपटला ना बायांनी."

"वरचा उपटला. मूळ तुटून खाली राहिलं आहे. हे पाहा केवढं होतं." मी मूळ ह्यांच्या हातात दिलं. "बारमाही होय थो. पावसात पुन्हा येते."

ह्यांनी मूळ उलटंपालटं करून पाहिलं. "तूच तं म्हणत होतीस, दरसाली नवा उगवते म्हणून."

"मी चुकीचं म्हणत होती. सरिता खरी होती."

मिस्त्री ह्यांच्याकडे बघत राहिला, हे त्या मुळाकडे. मग ह्यांनी भाऊजींकडे पाहिलं, आणि अंगण ओलांडून जाऊन ते मूळ त्यांच्या हातात दिलं. "घे, ठेव," एवढंच म्हणाले. धुऱ्यावरच्या भांडणानंतर मी ऐकलेला हा भावाभावांतला पहिला शब्द. भाऊजींनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि आत गेले. मिस्त्रीने न सांगता सुतळी गुंडाळली. म्हणाला, पावसानंतर पाहू.

पावसानंतर पाहू. कळलं का, सरिता? पावसानंतर पाहणार आहेत सगळे. पत्रा मी पुसून ठेवला आहे, बांबू भाऊजी रोवून देतो म्हणाले. पाणी घालत नाही, तू सांगितलंस तसं. पण मी इतक्या ठासून सांगून बसले आहे आणि मला काही म्हणजे काही माहीत नाही. सब्बल किती खोल गेली होती, खाली किती उरलं, उरलं त्यात जीव आहे का. कालपासून कितीदा त्या जागी जाऊन उभी राहिले. हात शिवशिवतात. खुरपी तिथेच ओट्यावर असते. दोन बोटं माती उकरली की कळेल.

पण नाही खणत. खणला तं मरून जाईल थो. मंग खरी होऊन मी काय करू?